पेपर पसरण्याआधी

६ फेब्रुवारी

चि. खारूस,

तुझं पत्र रंगाच्या दुकानात मिळालं. दुकानदाराने ते काउंटरवरून पुढे सरकवलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "घ्या पेंटर, प्रेमपत्र आलंय. या वयात जरा जपून." आता हा विनोद तो दर पत्राला करणार. पण पत्ता तोच ठेव. घरी नको. फोनही नको, दोन खोल्यांत सगळं ऐकू जातं.

पाच वर्षांनी लिहिलंस आणि पहिल्याच ओळीत कामाचं लिहिलंस. बरं वाटलं. ख्यालीखुशाली विचारली असतीस तर उत्तर द्यायला मला जड गेलं असतं.

तू म्हणतेस, कल्पना संपल्या. हसणाऱ्या बायका, हात मिळवणारे पुरुष, कॉफीशेजारी लॅपटॉप, हे सगळं आता यंत्र बसल्या जागी करून देतं. फोटो विकणाऱ्या तुझ्या कंपनीला हवे आहेत आजच्या बातमीतले आणि रोजच्या घरातले फोटो. "बाबा, तुम्ही अजून पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता ना?" वाचतो. हवामान आणि हरवले-सापडले यांच्यासकट.

तुझे नियम नीट वाचले. फोटोत कुठलं नाव, छाप, पाटी नको. गाव ओळखू येऊ नये. माणूस असा हवा की तो कोणीही असू शकेल. एक फोटो दहा बातम्यांना चालला पाहिजे. आणि एका बाजूला मोकळी जागा हवी, घेणाऱ्याला आपला मजकूर टाकायला. पाटी नको हे वाचून हसू आलं. जन्मभर मी पाट्या रंगवल्या, मोकळ्या जागा भरत आलो. माझी मुलगी त्या मोकळ्या ठेवते आणि त्याचे पैसे घेते.

सुरुवात करून बघतो.

बातमी: अंडी महागली. सगळे अंड्यांचा ढीग दाखवतील. तू एकच दाखव. फोडायला उचललेलं आणि वाटीच्या काठाशी थांबलेलं. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की तो हात विचार करतोय.

बातमी: इमारतींच्या लिफ्ट महिनोन् महिने बंद. लिफ्टचं दार कोणीही काढेल. तू जिना काढ. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची, घरातली, साधी, एकमेकींशी न जुळणारी. खुर्चीवर कोणी नाही.

चालेल का ते कळव. आई बरी आहे. तिचं तिचं चाललंय.

चहा उतू चाललाय, थांबतो.

बाबा


२५ फेब्रुवारी

चि. खारूस,

अंडं विकलं गेलं हे वाचून मी दुकानदाराला पेन्सिली द्यायला लावल्या, म्हणजे त्याच्याकडून उधार घेतल्या. तो म्हणाला, "काय पेंटर, उत्तर लांबलचक दिसतंय."

तू विचारतेस, जिन्यात खुर्च्या कोण ठेवतं? लोकांना पटणार नाही. पटेल. आमच्या जिन्यात तीन आहेत. एक आपली, एक खालच्या मजल्यावरच्या मास्तरांची, एक कुठून आली ते कोणालाच ठाऊक नाही. लिफ्ट बंद म्हणून ठेवल्या. चढताना माणसं दम खातात. कोणीही खाईल.

बातमीत न येणारं, घरातलंही पाठवा म्हणालीस. घरातलं असं:

दोन माणसं, एक बोलतंय, दुसरं तळहात उभा करून "थांब" म्हणतंय. भांडण नाही. नुसता दम लागलाय. पण फोटोत ते भांडणच दिसेल. "घराघरांतला संवाद हरवला" अशा लेखाला चालेल.

कपडे वाळत घालायची दोरी. पूर्वी बाईच्या उंचीवर बांधलेली, आता पुरुषाच्या. जुन्या खिळ्याचं भोक भिंतीत तसंच. हे फोटोत कसं येईल मला सांगता येत नाही, तू बघ.

उशांचा ढीग पलंगाच्या डोक्याशी. एका माणसाला लागतात त्याहून जास्त. म्हणजे बसून झोपायला.

हे शेवटचं कुठल्या बातमीला चालेल मला माहीत नाही. पण तू म्हणालीस, घर दाखवा.

बाबा


१६ मार्च

चि. खारूस,

बातमी: कसलीतरी पाहणी झाली आहे. घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी म्हातारेच घेतात, असं निघालं. पाहणी कशाला करावी लागली कोण जाणे, आमच्या जिन्यात उभं राहिलं असतं तरी चाललं असतं.

यावर सगळे हातावर हात ठेवलेला फोटो काढतील, सुरकुत्यांसह. तो नको. तू असं काढ. एक म्हातारा जमिनीवर बसून बाईच्या पायाची नखं कापतोय. बाई खुर्चीत. चेहरे दोघांचेही नकोत, फार तर त्याच्या चष्म्याची काडी. पाय कशावर तरी टेकवलेला हवा, हवेत राहिला तर थरथरतो. खाली पेपर पसरलेला, अक्षरं वाचता येणार नाहीत असा. बाईचा एक हात त्याच्या खांद्यावर. प्रेमाने नाही, तोल जाऊ नये म्हणून. उजवीकडे मोकळी जागा.

बाई कोणीही चालेल.

बाबा


१६ मार्च, दुपार
(हे पाठवायचं नाही)

खारू,

सकाळचं पत्र पेटीत टाकून आलो. त्यात नव्हतं ते इथे लिहितो.

ती बाई कोणीही नाही. ती आई आहे. तिची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. डॉक्टरने समजावून सांगितलं, ओला स्पंज आणि वाळलेला स्पंज. आई म्हणाली, "म्हणजे मी सिंकच्या मागे पडलेला." हसावं की नाही हे डॉक्टरला कळेना. औषधाने वेग कमी होतो, मागे फिरत नाही. घरात एक यंत्र आणलंय, विजेवर चालतं, हवा गाळून नळीने नाकात सोडतं. दिवसरात्र घरघरतं. जिन्यातल्या खुर्च्या तिच्यासाठी ठेवल्या होत्या. आता ती खाली उतरतच नाही.

मी तुला त्याच दिवशी कळवणार होतो. तिने हात धरला.

"तिला कळवायचं नाही. आजारपणाला बोलावलेलं माणूस आजारपणाला येतं. मला भेटायला येत नाही."

"अगं, पण..."

"तिला यायचं असेल तर तिची ती येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर नाही आली." मग तळहात उभा करून थांब म्हणाली आणि दम घेत राहिली. हल्ली ती सगळे वाद असेच जिंकते. दम परत आल्यावर माझ्याकडून शब्द घेतला. आजाराबद्दल तुला एक अक्षर लिहायचं नाही.

थोड्याच दिवसांत तुझं पत्र आलं. नियम वाचले आणि मला वाट सापडली असं वाटलं. नाव नको, चेहरा नको, कुठलं घर ते कळू नये. तुझ्या नियमांत राहून मला तिचा शब्द पाळता येतो. म्हणून मी तुला आपलंच घर पाठवतोय, एकेक वस्तू. तू ओळखशील. तुझ्याइतकं बघणारं दुसरं कोण आहे.

आज सकाळी नखं कापायला पेपर पसरला. दर वेळी म्हणते तेच ती म्हणाली, "थांबा. आधी बघा, त्यात तिचं नाही ना."

पाच वर्षं ती रोजच्या पेपरात तुझे फोटो शोधते. खाली नाव नसतं तरी बरोबर बोट ठेवते.

"हा तिचा."

"कशावरून?"

"उजेड डावीकडून आलाय."

जुन्या घरी स्वयंपाकघराची खिडकी डावीकडे होती. तू तिच्याखाली बसून अभ्यास करायचीस, ही शेजारी भाजी चिरायची. ती म्हणते, "तिला वाटतं, जगात सगळीकडे उजेड तिथूनच येतो." मला सगळे फोटो सारखेच दिसतात. "तुम्ही अक्षरं बघणारी माणसं," म्हणते आणि सोडून देते. तुझा फोटो असलेलं पान पायाखाली घालू देत नाही. ते बाजूला काढायचं, मग दुसरं पसरायचं.

तुला हे कधी सांगितलं नाही. तिने सांगू दिलं नाही.

भांडणाच्या दिवशी कोण बरोबर होतं ते मला अजून ठरवता येत नाही. नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत तिची सगळी नोकरी गेली. लोकांनी खिडकीच्या अर्धगोलातून तिचे नुसते हात पाहिले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी बसली होती, हात मांडीत, आता या हातांचं काय करायचं अशी. तू फोटो काढलास. चांगला होता. "खिडकीशी बसलेली वृद्ध स्त्री" असं नाव देऊन तू तो कंपनीच्या विक्रीच्या साठ्यात टाकलास आणि कोणीतरी तो घेतला. आधी तो पेपरात आला, मुलांनी टाकलेल्या आईबापांवरच्या लेखात. मग वृद्धाश्रमाच्या जाहिरातीत, बसथांब्यावर, माणसाएवढा. तुझी मावशी फळं घेऊन रडत आली.

"मला माझ्या मुलीने टाकलंय हे मला बसथांब्यावर कळलं," असं आई तुला म्हणाली.

तू म्हणालीस, "आई, ती तू नाहीसच. ती फक्त एक म्हातारी बाई आहे."

तुझ्या कामाच्या भाषेत ते खरं होतं. घरात त्याचा अर्थ वेगळा झाला. मग तू म्हणालीस, यापुढे तुझं बोटसुद्धा माझ्या फोटोत दिसणार नाही. तो शब्द तू पाळलास. या घरात शब्द सगळेच पाळतात.

तिला जाग आलीय. थांबतो.


१२ एप्रिल

चि. खारूस,

बातमी: उन्हाळ्यात वीज जाणार. रोज दुपारी, भागवार.

मेणबत्ती काढू नकोस. एक तर सगळे तीच काढतील, दुसरं म्हणजे दुपार असते. तू वायर काढ. खालच्या मजल्यावरून जिन्याने वर आलेली लांब वायर, खुर्च्यांच्या पायांतून वळसे घेत एका उघड्या दारात शिरलेली. मास्तरांकडे मोठी बॅटरी आहे. काही घरांत अशी यंत्रं असतात जी बंद पडून चालत नाही. आधी घरघर थांबते. ती थांबली की घर किती शांत आहे ते कळतं, आणि ती शांतता नको असते. मग एक माणूस जिन्याकडे धावतं. दुसरं जागचं हलत नाही, दोन्ही हात टेबलावर ठेवून नुसतं बसतं, हवा जपून वापरत. धावणाऱ्याचा फोटो नको. तो हास्यास्पद दिसतो, त्याच्या एकाच पायात चप्पल असते. बसलेल्या माणसाचा काढ.

या आठवड्यात हॉस्पिटलातल्या लांब रांगांची बातमी आहे. त्यावर काही सुचत नाही. हॉस्पिटलच्या मोठ्या दालनातली "शांतता राखा" ही पाटी मी रंगवलेली आहे, तुला आठवत असेल, तू शिडी धरली होतीस. तिचं शेवटचं अक्षर जरा खाली घसरलंय. तेव्हा दिसलं नव्हतं. खाली बाकावर बराच वेळ बसलं की दिसतं.

वर मधली एक ओळ खोडली आहे. ती वाचायचा प्रयत्न करू नकोस. शब्द चुकला होता.

बाबा


४ मे

चि. खारूस,

म्हणजे तू कागद खिडकीला लावून खोडलेली ओळ वाचलीसच. मी रंगवलेल्या पाट्यांखालची जुनी नावं लहानपणी अशीच वाचायचीस.

"आमच्याकडे यंत्र बंद पडलं तेव्हा," असं तिथे होतं. बरोबर. तू विचारतेस, आमच्याकडे म्हणजे कोणाकडे, घरात कोणी आजारी आहे का, आणि हॉस्पिटलच्या बाकावर तुम्ही कशाला बसलात.

यंत्र मास्तरांचं आहे. त्यांना दम्याचा त्रास आहे. आमच्याकडे म्हणजे आमच्या इमारतीत. हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर गेलो होतो. आई बरी आहे. जेवते, पेपर वाचते, मला बोलते.

नखांचा फोटो काढलास आणि कंपनीने लगेच घेतला हे वाचून बरं वाटलं. नाटकातला म्हातारा नट मिळाला हे तर फारच छान. त्याला वाकल्यावर परत उठता येईना आणि तू आणि फोटोतल्या बाईने मिळून उठवला, ते वाचून मी एकटाच हसलो. दुकानदाराला वाटलं, खरंच प्रेमपत्र.

शेवटी तू लिहिलंस, "तिने बोलावलं तर मी येईन. न बोलावता आले आणि तिने दार लावून घेतलं तर ते मला सहन होणार नाही."

मी ते तिथेच, दुकानात उभ्याने, पुन्हा पुन्हा वाचलं. तू आणि आई, दोघी एकाच साच्यातल्या. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

बातमी: सुट्ट्यांसाठी जादा गाड्या सोडणार आहेत.

यावर कल्पना अशी. घराच्या दारात ठेवलेली प्रवासाची बॅग. दार अर्धं उघडं. बॅग आत येणाऱ्याची की बाहेर निघालेल्याची ते कळू नये, म्हणजे दहा बातम्यांना चालेल. पण मला विचारशील तर ती आत येणाऱ्याची आहे. दार कोणीही लावून घेत नाही.

लवकर काढ हा फोटो. बातमी शिळी होते.

बाबा


२२ मे

खारू,

आई आजारी आहे. ये.

ही कल्पना नाही. यंत्र तिचं आहे. मास्तर ठणठणीत आहेत.

तिने बोलावलंय. "बोलवा" हा तिचा शब्द आहे, माझा नाही.

घरचा फोन बंद पडलाय, दुकानदाराच्या फोनवरून तीनदा लावला. तू उचलत नाहीस, अनोळखी नंबर म्हणून असेल. पत्र कुरिअरने पाठवतोय. मिळेल तशी नीघ.

बाबा


२० जून

चि. खारूस,

यंत्र घेऊन गेले. दोन माणसं आली होती, वायर नीट गुंडाळून, सही घेऊन गेली. जिन्यातल्या खुर्च्या आहेत तिथेच आहेत. मधल्या वळणावरच्या खुर्चीवर हल्ली मी बसतो. मास्तर एकदा वर येता येता म्हणाले, "तुम्हालाही दम लागायला लागला का?" नाही म्हणालो. मग तेही जरा वेळ शेजारच्या पायरीवर बसले.

तू पोचलीस त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. इथे होतीस तेवढे दिवस तू कॅमेरा बॅगेतून काढला नाहीस. तिचे कपडे घड्या करून ठेवलेस, माझ्यासाठी सूप करून डब्यांत भरलंस, दोरी परत खालच्या खिळ्याला बांधलीस. खिळा कुठे होता ते तू बरोबर शोधलंस. निघताना दारात, बॅग हातात असताना विचारलंस, "तिने तो फोटो पाहिला का?"

मी म्हणालो, गाडी चुकेल.

उत्तर नव्हतं असं नाही. ते दारात उभ्याने सांगण्याएवढं छोटं नव्हतं. आता सांगतो. सोबत १६ मार्चचं एक पत्र आहे, तेव्हा पाठवलं नव्हतं, ते आधी वाच. मग पुढचं नीट कळेल.

२२ मेची सकाळ. रात्र तिला वाईट गेली होती, पण सकाळी चेहऱ्यावर जरा रंग होता. मीच म्हणालो, चल, नखं कापू. पेपर आला होता. उघडला आणि पाचव्या पानावर तो फोटो. मला तुझे फोटो ओळखता येत नाहीत हे आता तुला माहीत झालं असेल. हा एक ओळखता आला, कारण त्यात मी होतो.

मी पान पटकन उलटलं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी बघा, तिचं नाही ना."

"बघितलं. नाही."

"पाचवं परत दाखवा."

दाखवलं. तिने पेपर हातात घेतला. नळी मध्ये येत होती, ती कानामागे सारली.

"हे आपण आहोत."

"आपण कसले. पैसे देऊन आणलेली माणसं आहेत. तो नाटकातला नट आहे."

"तुम्ही तिला लिहिलंत."

"आजाराचं नाही लिहिलं. नखांचं लिहिलं."

"वा." दम घेतला. "नखांचं लिहिलं. आणि तिला कळलं नाही."

"तिच्या नियमांत बसवून लिहिलं होतं. कोणीही बाई चालेल असं."

"मग तिला कसं कळणार?" ती माझ्यावर चिडली नव्हती. तिकीटखिडकीत एखाद्याने चुकीच्या दिवसाचं तिकीट पुढे केलं की त्याला समजवायची, तसा आवाज होता. "नियमांत बसवलं की कोणीही बाई होते. मीसुद्धा झालेच होते की एकदा."

मग ती फोटो बघत बसली. उजेड डावीकडून होता. "बाईची नखं आधीच कापलेली आहेत," म्हणाली. "हा माणूस उगाच वाकलाय." मला हसू आलं. तिलाही आलं, त्याने खोकला आला. खोकला थांबल्यावर तिने फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलं होतंत?"

मी चष्मा लावून बघितलं. बाईचा पाय पालथ्या डब्यावर होता. रंगाचा डबा. कागद सोलून काढलेला, पण एका बाजूने रंगाचा ओघळ सुकलेला तसाच ठेवला होता. तुझ्या लहानपणी तुझी नखं मी अशाच डब्यावर पाय ठेवून कापायचो. तू हलायचीस आणि डबा वाजायचा. आईची आजही तशीच कापतो, कापत होतो.

"नाही," मी म्हणालो.

"नीट आठवून सांगा."

"पाय कशावर तरी टेकवलेला हवा, इतकंच लिहिलं होतं. डब्याचं नाही लिहिलं."

"नक्की?"

"नक्की."

तिने पेपर मांडीवर ठेवला. यंत्र घरघरत होतं. मला वाटलं झोप लागली.

"आली की ती," ती म्हणाली.

"कुठे?" मी दाराकडे बघितलं.

"दाराकडे काय बघता. बोलवा आता तिला. ती आलीच आहे, नुसतं पोचायचं राहिलंय."

मी उठायला लागलो, दुकानात जाऊन फोन करावा म्हणून. तिने खांदा धरून खाली बसवलं. "आधी हे संपवा." पाय पुढे केला. मी तोच पेपर जमिनीवर पसरायला घेतला, घाईत होतो.

"दुसरा घ्या," म्हणाली. "त्यात तिचं आहे."

मी ते पान बाजूला ठेवलं, आदल्या दिवशीचा पेपर आणला आणि नखं कापली. उजव्या पायाची झाली. डाव्याची उद्या, म्हणाली, आता दमले. मग मी दुकानात गेलो.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. तिने पाहिला.

मे महिन्यात तुला यंत्र मास्तरांचं आहे असं लिहिलं नसतं तर तू आधी निघाली असतीस. हे तू म्हणाली नाहीस. म्हणून मी म्हणतो.

आता कल्पना पाठवणार नाही. पेपर वाचतो, पण बातम्यांच्या वर काय दिसेल असं मनात येत नाही. दुकानदार मध्येच विचारतो, "पेंटर, पत्र?" विनोद करत नाही.

एक काम मात्र आहे. घरात पेपर साठलेत. आई गेल्यापासूनचे सगळे, पलंगाखाली, टेबलाखाली, एका खुर्चीवरही. रद्दीवाला दोनदा दारात येऊन गेला. प्रत्येक पेपर देण्याआधी मी उघडतो, एकेक फोटो बघतो, उजेड कुठून आलाय ते बघतो. डावीकडून आलेले पुष्कळ असतात. त्यांतले तुझे कुठले ते मला कळत नाही. ते तिलाच कळायचं. म्हणून एकही पान देता आलेलं नाही.

ये आणि तुझे कुठले ते सांग. ते बाजूला काढू. बाकीचे देऊन टाकू.

बाबा